दात काढल्या दिवशीच इम्प्लांट: आकार कसा ठरतो आणि पकड कुठून मिळते

काढलेल्या दाताची जागा म्हणजे इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळासाठी आयतं भोक, असं बहुतेकांना वाटतं. मूळ बाहेर आलं, खोबण मोकळी झाली, आता तिथे स्क्रू बसवायचा. पण खोबण म्हणजे जिथे हाड नाही अशी जागा. वरच्या जबड्यातल्या मधल्या पटाशीच्या दाताचं मूळ हिरडीजवळ ओठाकडून टाळूकडे मोजलं तर साधारण ६ ते ७ मि.मी. जाड असतं. तिथे बसणारा इम्प्लांट बहुधा ४ मि.मी.च्या आसपासचा. त्यामुळे हिरडीकडच्या अर्ध्या भागात तो टाळूच्या बाजूच्या भिंतीला जेमतेम टेकतो आणि बाकीकडून मोकळा राहतो. पहिल्या दिवशी त्याला धरून ठेवतं ते मुख्यतः खोबणीच्या तळापलीकडचं हाड.

आकाराची सगळी चर्चा इथून सुरू होते. उरलेल्या थोड्या हाडात जास्तीत जास्त पकड मिळवून देणं, हे आकाराचं काम. तो नवीन हाड तयार करत नाही आणि पातळ भिंतीला झिजण्यापासून वाचवत नाही. ज्यांचा दात काढायचं ठरलं आहे पण अजून काढलेला नाही, अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे क्रमाने लिहितो आहे. दात काढून झाल्यावर वाचलंत तरी उपयोग होईल, पण तोवर निम्मे निर्णय होऊन गेलेले असतील.

आधी पकडीचे दोन प्रकार

इम्प्लांट बसवल्या क्षणी मिळते ती यांत्रिक पकड. स्क्रूचे आटे हाडात रुततात, हाड त्यांना आवळून धरतं. दुसरी पकड जैविक. स्वीडनमधल्या लुंड इथे १९५२ मध्ये पेर-इंगवार ब्रॉनेमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी वापरलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर निघेचना, कारण हाड त्याला घट्ट जुळून आलं होतं. या निरीक्षणावरच आजचं इम्प्लांटशास्त्र उभं आहे. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हे इम्प्लांट वापरले.

अडचण दोन्हींच्या मधल्या काळात येते. आट्यांनी दाबलेलं जुनं हाड शरीर हळूहळू काढून टाकतं आणि त्या जागी नवं भरतं. जुनी पकड उतरत असते, नवी अजून पुरती आलेली नसते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात एकूण स्थिरता सर्वांत कमी असते. तिसऱ्या दिवशी ‘अगदी घट्ट वाटतंय’ म्हणून चिक्की फोडणाऱ्या रुग्णाला हे सांगावंच लागतं. पहिल्या दिवशीची पकड चांगली असेल तर हा उतार निभावतो. आकाराचं महत्त्व या काही आठवड्यांपुरतं सगळ्यात जास्त आहे.

आकार म्हणजे नेमकं काय काय

ब्रॉनेमार्क यांचा मूळ इम्प्लांट सरळ होता, टोकापासून मानेपर्यंत (म्हणजे हिरडीकडच्या भागापर्यंत) जवळपास एकाच व्यासाचा. तो भरून आलेल्या हाडात बसवायचा, दात काढल्यावर काही महिने थांबून. मग हिरडीखाली झाकून आणखी तीन ते सहा महिने ठेवायचा. त्या पद्धतीत सरळ आकार उत्तम चालला आणि आजही चालतो. त्याची एक मोठी सोय म्हणजे खोली किंचित कमीजास्त करता येते. थोडा जास्त आत गेला तर अर्धा फेरा उलट फिरवला तरी बाजूची पकड फारशी जात नाही.

निमुळता इम्प्लांट मुळासारखा असतो, टोकाला बारीक आणि मानेकडे रुंद होत जाणारा. लाकडात पाचर ठोकावी तसा तो आत जाताना आजूबाजूचं हाड दाबत जातो, म्हणून मऊ हाडातही सुरुवातीची पकड बरी मिळते. टोक बारीक असल्याने शेजारच्या दातांच्या मुळांना लागण्याचा किंवा ओठाकडच्या हाडातल्या खळग्यातून बाहेर येण्याचा धोका कमी होतो. मात्र त्याची खोली आधीच अचूक ठरवावी लागते. तो अर्धा फेरा मागे घेतला की सगळ्या बाजूंनी एकदम सैल होतो. हा फरक जाहिरातींत दिसत नाही, पण हातात स्क्रू धरणाऱ्याला रोज जाणवतो.

या दोहोंच्या मधले आकारही आहेत. सरळ अंग आणि निमुळतं टोक ही जोडी बऱ्याच कंपन्या देतात. १९७० च्या दशकात जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये शुल्टे यांनी काढलेल्या दाताच्या जागी लगेच बसवायचा सिरॅमिकचा इम्प्लांट केला. तो मुळासारखा, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत जाणारा होता. तेव्हा कोणालाही सहज सुचेल अशी एक कल्पना म्हणजे मुळाची हुबेहूब प्रतिकृती बनवायची आणि त्याच खोबणीत ठोकून बसवायची. हा मार्ग दिसतो तितका सोपा नाही. हुबेहूब आकार ओठाकडच्या पातळ भिंतीवर दाब देतो, आणि ती भिंत दाब सहन करत नाही, झिजते. शिवाय आटे नसल्याने टोकापलीकडच्या हाडात पकड मिळत नाही. टायटॅनियमच्या सुरुवातीच्या प्रतिकृतींचे निकाल दीर्घकाळ टिकले नाहीत. आता त्रिमितीय छपाईमुळे ही कल्पना पुन्हा पुढे आली आहे, पण रोजच्या उपचारात मी ती सुचवणार नाही.

बाहेरच्या आकाराइतकंच महत्त्व आट्यांना आहे. मऊ हाडात खोल, रुंद आटे हवेत, म्हणजे प्रत्येक आट्यामागे जास्त हाड पकडलं जातं. टणक हाडात तेच खोल आटे अडचण करतात. टोकाला कापणारी खाच असेल तर इम्प्लांट स्वतःच वाट कापत पुढे जातो, आणि ताज्या खोबणीत हा गुण फार कामाचा. मानेचा भाग मात्र ताज्या खोबणीत रुंद नको. पसरट मान ओठाकडच्या भिंतीजवळ जाते आणि हाड भरून यायला जागाच ठेवत नाही. टोकाकडे रुंद, मानेकडे मुद्दाम अरुंद केलेले इम्प्लांट याच विचारातून आले.

पृष्ठभाग ही वेगळी गोष्ट. वाळूचा मारा आणि आम्ल यांनी खडबडीत केलेला पृष्ठभाग जैविक पकड लवकर आणतो. यांत्रिक पकडीत त्याचा वाटा छोटा.

‘कुठली कंपनी’ आणि ‘कुठला आकार’ हे प्रश्नही वेगवेगळे ठेवा. स्ट्राउमनकडे सरळ इम्प्लांट आहेत, निमुळते आहेत आणि खोल आट्यांचे पूर्ण निमुळतेही आहेत. नोबेल बायोकेअरकडे तसंच. नुसतं कंपनीचं नाव ऐकून तुमच्या जबड्यात काय बसणार आहे ते कळत नाही.

पायरी पहिली: दात काढण्याआधी स्कॅन

साधा एक्स-रे हाडाची उंची दाखवतो, जाडी दाखवत नाही. इम्प्लांटचा आकार ठरवायला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो, आणि तो दात जागेवर असताना काढलेला सर्वांत उपयोगी. त्यात पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मुळाच्या टोकापलीकडे किती हाड आहे? लगेच इम्प्लांट बसवायचा तर तिथे ३ ते ५ मि.मी. चांगलं हाड हवं. ओठाकडची भिंत किती जाड आहे? वरच्या समोरच्या दातांत ती बहुतेक वेळा १ मि.मी.पेक्षाही पातळ असते. मूळ हाडात कसं झुकलेलं आहे? वरचे समोरचे दात बहुधा ओठाकडच्या भिंतीला चिकटून असतात, म्हणजे टाळूच्या बाजूला आणि टोकापलीकडे हाड शिल्लक असतं. ही अनुकूल स्थिती. मूळ हाडाच्या मधोमध बसलेलं असेल आणि चारही बाजूंना थोडंथोडंच हाड असेल, तर निमुळत्या इम्प्लांटलाही धरायला काही मिळत नाही.

खालच्या जबड्यात नस कुठून जाते आणि वरच्या दाढांत सायनस, म्हणजे दाढांच्या वरची हवेची पोकळी, किती खाली उतरला आहे हेही याच स्कॅनमध्ये दिसतं. नसेपासून किमान २ मि.मी. अंतर राखायचं, यात तडजोड नाही.

स्कॅनसोबत तब्येतीची माहिती द्या, न विचारता द्या. मधुमेह असेल तर ताजा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) अहवाल दाखवा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोगाच्या उपचारात दिलेल्या काही गोळ्या आणि इंजेक्शनांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. वर्षभरापूर्वी घेतलेलं इंजेक्शनही सांगा. जबड्याला रेडिएशन झालं असेल तर तेही.

तंबाखूबद्दल मला ठळकपणे लिहायचं आहे. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला आपल्याकडे प्रामाणिकपणे ‘नाही’ असं उत्तर येतं, आणि तीच व्यक्ती सकाळी मिश्री लावत असते. महाराष्ट्राच्या गावागावांत मिश्री हा दात घासण्याचा भाग मानला जातो, तंबाखू म्हणून तिची नोंदच होत नाही. पण ती भाजलेली तंबाखूच आहे आणि बोटाने थेट हिरडीवर चोळली जाते, म्हणजे नेमकी त्या जखमेवर. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, आणि भरून येणाऱ्या हाडाला रक्तच हवं असतं. आईला किंवा आजीला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्यांनी हे आपणहून डॉक्टरांना सांगावं.

पायरी दुसरी: वेळ ठरवा, मग आकार

दात काढल्यावर जबडा स्वतःहून अरुंद होतो. डेन्मार्कमधल्या २००३ च्या एका अभ्यासात दाढा आणि उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्या मधले दात) काढल्यावर वर्षभरात कडेची रुंदी सुमारे निम्म्याने घटली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. ओठाकडच्या भिंतीचा बराचसा भाग दातासाठीच असतो, दात गेला की तो टिकत नाही. खोबणीत लगेच इम्प्लांट ठेवला तर ही झीज थांबेल अशी आशा एके काळी होती. अराउजो आणि लिंडे यांच्या गटाने कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत ती फोल ठरली, इम्प्लांट असूनही भिंत झिजली. ‘लगेच बसवला की हाड वाचतं’ हे वाक्य अजूनही कानावर येतं. त्यावर विसंबू नका.

वेळेचे चार पर्याय आहेत: त्याच दिवशी, हिरडी भरून आल्यावर, म्हणजे ४ ते ८ आठवड्यांनी, हाड बऱ्यापैकी भरल्यावर, १२ ते १६ आठवड्यांनी, किंवा सहा महिन्यांनंतर. उशीर जितका जास्त तितकी खोबण भरलेली, आणि आकाराची निवड तितकी सोपी. पूर्ण भरलेल्या चांगल्या हाडात सरळ आणि निमुळता यांच्या दीर्घकालीन टिकण्यात फारसा फरक दिसत नाही. त्याच दिवशी बसवायचा असेल तर मात्र आकाराला खरी किंमत येते, आणि तिथे माझा कल निमुळत्याकडे, कापणाऱ्या टोकाच्या आणि खोल आट्यांच्या इम्प्लांटकडे आहे.

दात काढताना तीव्र सूज किंवा पू वाहत असेल, ओठाकडची भिंत गेलेली असेल किंवा टोकापलीकडे हाड नसेल, तर थांबा. दोन महिने थांबणं सैल इम्प्लांट बसवण्यापेक्षा बरं. सैल बसलेला इम्प्लांट काढावा लागला तर हाड आणखी जातं आणि पुढचं काम अवघड होतं.

पायरी तिसरी: कुठल्या दाताच्या जागी काय

वरचे समोरचे दात. त्याच दिवशी इम्प्लांट बसवण्यासाठी सर्वांत जास्त मागणी इथेच असते, कारण हसताना खिंड दिसते. इथे साधारण ३.५ ते ४.३ मि.मी. व्यासाचा निमुळता इम्प्लांट बहुतेकांना पुरतो. मोठी खोबण दिसते म्हणून ती भरून काढणारा जाड इम्प्लांट घ्यायचा मोह होतो, आणि इथेच गडबड होते. जाड इम्प्लांट ओठाकडच्या भिंतीला भिडतो, भिंत झिजते, वर्ष-दोन वर्षांत हिरडी सरकते आणि आतल्या धातूची करडी छटा दिसू लागते. बारीक इम्प्लांट टाळूच्या बाजूला सरकवून बसवायचा आणि ओठाकडे निदान २ मि.मी. फट मुद्दाम ठेवायची, हीच योग्य रीत. पकडीसाठी लांबी वापरायची, जाडी नव्हे.

पहिल्या उपदाढेला वर बरेचदा दोन मुळं असतात. त्यांच्या मधला हाडाचा पडदा चांगला असेल तर इम्प्लांट तिथे बसतो. खालच्या उपदाढांजवळ नसेचं बाहेर पडण्याचं छिद्र असतं, तिथे लांबीला मर्यादा येते.

खालचे समोरचे दात छोटे, जागा अरुंद आणि हाड टणक. इथे ३ मि.मी.च्या आसपासचे बारीक इम्प्लांट लागतात. खोल आट्यांचा आक्रमक निमुळता इम्प्लांट अशा टणक हाडात जोर करून घालणं चुकीचं. हाडावर वाजवीपेक्षा जास्त दाब येतो, बारीक इम्प्लांटला इजा होऊ शकते. आधी आटे पाडण्याचं हत्यार फिरवून घ्यावं, किंवा सौम्य आकार निवडावा.

खालची पहिली दाढ. दोन मुळं, मध्ये हाडाचा पडदा, खाली नस. स्मिथ आणि टार्नो यांनी २०१३ मध्ये दाढांच्या खोबणींचे तीन प्रकार मांडले, ते व्यवहारात फार उपयोगी आहेत. पहिल्यात मधला पडदा इतका रुंद की इम्प्लांट पूर्ण त्यातच मावतो. दुसऱ्यात पडदा इम्प्लांटला धरतो, पण काही बाजू उघड्या राहतात. तिसऱ्यात पडदा नाहीच. पहिल्या दोन प्रकारांत नेहमीच्या व्यासाचा निमुळता इम्प्लांट पडद्यात बसवता येतो. तिसऱ्यात खोबणीच्या बाहेरच्या भिंतींना टेकेल असा ६ ते ९ मि.मी. रुंदीचा खास इम्प्लांट लागतो, कारण नसेमुळे खोल जाऊन पकड मिळवायचा मार्ग बंद असतो. असा रुंद इम्प्लांट पुढेमागे अपयशी ठरला तर मागे मोठी पोकळी राहते. म्हणून पडदा नसलेल्या दाढेत मी रुग्णाला थांबण्याचा सल्ला देतो. दाढ हसताना दिसत नाही, घाईचं कारण काय?

वरची दाढ सगळ्यात नाजूक जागा. हाड मऊ, वर सायनस, तीन मुळांची वेडीवाकडी खोबण. मऊ हाडासाठी खोल आट्यांचा निमुळता आकार हवा हे खरं, पण आट्यांना रुतायला मुळात ४-५ मि.मी. तरी हाड हवं.

पायरी चौथी: दात काढण्याची पद्धत

सर्वांत चांगला इम्प्लांट वाईट पद्धतीने काढलेल्या दाताच्या जागी टिकत नाही. दात ओठाकडे-टाळूकडे जोरात हलवून काढला तर ओठाकडची भिंत मोडते. दाढेची मुळं आधी कापून वेगळी करावीत आणि एकेक काढावीत. मग खोबण खरवडून स्वच्छ करावी आणि बारीक मोजपट्टीने चारही भिंती तपासाव्यात. हिरडी जागेवर आणि ओठाकडचं हाडही जागेवर, ही सर्वांत चांगली स्थिती. हिरडी जागेवर पण हाड काही भागात नाही, ही फसवी, कारण बाहेरून सगळं छान दिसतं. दोन्ही गेलेलं असेल तर त्या दिवशी इम्प्लांट नको. म्हणूनच सही करण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा: दात काढल्यावर भिंत मोडलेली निघाली तर तुम्ही काय करणार? ‘तेव्हा थांबू’ हे उत्तर ऐकून मला डॉक्टरांबद्दल विश्वास वाटेल.

पायरी पाचवी: भोक पाडणं आणि इम्प्लांट बसवणं

ड्रिल खोबणीच्या मूळ भोकातून सरळ आत घालायचं नसतं. ते टाळूकडच्या भिंतीवर, तळापासून थोडं वर टेकवून नवी दिशा द्यावी लागते. ही भिंत तिरकी आणि टणक असल्याने ड्रिल सतत ओठाकडे घसरतं. निमुळता इम्प्लांटही शेवटच्या फेऱ्यांत कमी विरोधाच्या दिशेने, म्हणजे ओठाकडेच ढकलला जातो. संगणकावर आखून छापलेला मार्गदर्शक साचा इथे खरोखर मदत करतो.

ड्रिल करताना थंड सलाइन सतत हवं. हाडाचं तापमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते, हे १९८० च्या दशकात एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी दाखवलं. जास्त तापलेलं हाड त्या दिवशी चांगली पकड देतं आणि दोन-तीन आठवड्यांनी दगा देतं.

मऊ हाडात भोक इम्प्लांटपेक्षा मुद्दाम लहान ठेवतात, शेवटचं ड्रिल गाळतात. निमुळता आकार आणि लहान भोक यांची जोडी हेच ताज्या खोबणीतल्या पकडीचं खरं बळ आहे. नुसता आकार निमुळता आणि भोक सैल, तर काही मिळत नाही. उलट फिरवून हाड बाजूला दाबणारी खास ड्रिलही मिळतात, ती मऊ हाडात उपयोगी पडतात. खालच्या टणक जबड्यात मात्र भोक पूर्ण मापाचं हवं.

पायरी सहावी: आकडे पाहा आणि त्यांनुसार वागा

बसवताना लागणारा जोर न्यूटन-सेंटीमीटरमध्ये मोजतात. त्याच दिवशी तात्पुरती कॅप लावायची तर साधारण ३५ किंवा जास्त हवा. २० ते ३० च्या दरम्यान असेल तर इम्प्लांट राहू द्यावा, पण कॅप लावू नये, वर झाकण बसवून थांबावं. हाताने फिरतो आहे असं दिसलं तर थोडा जाड किंवा लांब इम्प्लांट वापरून पाहतात. तेही जमलं नाही तर खोबणीत हाडाची पूड भरून जखम बंद करणं हाच शहाणपणा. दुसऱ्या टोकाला, जोर ५० च्या पुढे चढत असेल तर हात थांबवून कंपनीची मर्यादा पाहावी. जास्त जोर म्हणजे जास्त यश असं सरळ गणित नाही.

दुसरं माप आयएसक्यू, म्हणजे इम्प्लांटच्या स्थिरतेचा निर्देशांक, १ ते १०० पर्यंत. इम्प्लांटवर छोटी खुंटी बसवून तिला चुंबकीय स्पंदन देतात आणि ती किती कंप पावते ते मोजतात. ७० च्या वर चांगलं, ६० च्या खाली सावध. ते दोन दिशांनी मोजायला हवं. ताज्या खोबणीत ओठ-टाळू दिशेचा आकडा आणि शेजारच्या दातांच्या दिशेचा आकडा वेगळे येऊ शकतात, कारण आधारच एका बाजूला आहे.

एक सावधगिरी. निमुळत्या इम्प्लांटचं टोक २-३ मि.मी. टणक हाडात घट्ट रुतलं तर जोराचा आकडा झकास येतो, पण प्रत्यक्षात फार थोडं हाड त्याला धरून असतं. आकड्याबरोबर लांबीही विचारात घ्यावी: एकूण इम्प्लांटपैकी किती भाग खऱ्या हाडात आहे?

पायरी सातवी: फट आणि तात्पुरती कॅप

इम्प्लांट आणि ओठाकडची भिंत यांतल्या फटीत हाडाची पूड भरतात, बहुधा गाईच्या हाडापासून प्रक्रिया करून केलेली. धार्मिक किंवा आहाराच्या कारणाने ती नको असेल तर आधी सांगा. माणसाच्या हाडाचे आणि कृत्रिम पर्यायही आहेत. ही पूड लगेच पकड देत नाही. हाडाचा घेर फार न खचावा यासाठी ती असते.

तात्पुरती कॅप लावली तर ती समोरच्या जबड्यातल्या दाताला अजिबात टेकता कामा नये, तोंड मिटताना नाही आणि जबडा बाजूला सरकवतानाही नाही. ती शक्यतो स्क्रूने बसवलेली असावी, सिमेंटचे कण ताज्या जखमेत अडकू नयेत. कॅप नसेल आणि काढघाल करायची छोटी कवळी दिली असेल, तर ती जखमेवर दाबत नाही याची खात्री करून घ्या. दाबणारी कवळी इम्प्लांटला रोज हलवत राहते.

पायरी आठवी: पुढचे आठवडे

पहिले सहा ते आठ आठवडे त्या दाताने काहीही चावायचं नाही. वरणभात, खिचडी, मऊ भाकरी दुधात कुस्करून, उपमा, शिकरण. पेरू, ऊस, चकली, कणीस बंद. जिभेने हलवून पाहायची सवय लागते, ती मोडा. रात्री दात खात असाल तर रात्री लावायची पट्टी मागून घ्या.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दुखणं नसतं, सूज उतरलेली असते, आणि सगळे विसरून जातात. याच काळात सर्वाधिक जपायचं आहे. कॅप हलली तर स्वतः दाबून बसवू नका. बहुतेक वेळा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि पाच मिनिटांचं काम असतं, पण इम्प्लांटच हलत असेल तर वेळेवर कळणं गरजेचं आहे. चावताना ठणका किंवा पू दिसला तर त्याच दिवशी जा.

कायमची कॅप टणक हाडात साधारण तीन महिन्यांनी, वरच्या मऊ हाडात चार ते सहा महिन्यांनी. त्याआधी आयएसक्यू पुन्हा मोजायला सांगा आणि पहिल्या दिवशीच्या आकड्याशी तुलना करा. सुरुवातीला ६२ असलेला आकडा ७२ झाला तर हाड जुळून आलं. ७५ वरून ६० वर आला असेल तर कॅपची घाई न करता आणखी थांबावं आणि कारण शोधावं.

शेवटचं काम कागदाचं. इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतात, त्यावर कंपनी, प्रकार, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. एक स्टिकर दवाखान्याच्या नोंदीत जातो, दुसरा मागून घ्या आणि स्कॅनच्या सीडीसोबत जपून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या शहरात कॅपचा स्क्रू सैल झाला, तर कुठलं हत्यार बसेल हे तिथल्या डॉक्टरांना त्या चिठ्ठीवरूनच कळेल.